अंथरूण ओले करणारी मुले आणि आपण

(अमरावती येथे मुख्याध्यापक, आश्रमशाळांचे अधीक्षक, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व अंगणवाडी सेविका यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मघाशी चहाच्या वेळी एका सरपंचांनी मला विचारलेच, "साहेब, लेकरू हातरुणात मुतते, त्याच्यावर भाषण कायले पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. या विषयावर घरात ओरडा होतो, शाळेत हशा होतो, पण शांतपणे कोणी बोलत नाही. म्हणूनच तो माहिती खात्याच्या माणसाच्या वाट्याला आला असावा. मी वैद्यक शिकलेलो नाही. कला शाखेचा पदवीधर आहे. जे सांगणार आहे ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले, आरोग्य मोहिमांची पत्रके तयार करताना वाचलेले आणि थोडे स्वतः पाहिलेले आहे.

आरंभ आईपासून करतो. मूल अंथरुणात लघवी करते तेव्हा पहाटे गोधडी कोणाला धुवावी लागते? पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि गोड पाणी मोजून वापरावे लागते. उन्हाळ्यात जेथे टँकरची वाट पाहावी लागते तेथे जाड वाकळ धुणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. श्रावणात धुतलेली वाकळ दोन-दोन दिवस वाळत नाही. त्या माउलीला निंदणीला किंवा वेचणीला जायचे असते. अशा वेळी तिचा हात मुलावर उठला तर तो केवळ रागाचा हात नसतो, त्यात दमलेपणही असते. म्हणून तिला प्रथम एक व्यवहाराची गोष्ट सांगावी. गोधडीखाली हातभर रुंद मेणकापड किंवा रेक्झिनचा तुकडा आणि त्यावर जुन्या लुगड्याची घडी अंथरली की सकाळी फक्त घडी धुवावी लागते. मात्र खताची किंवा फवारणीच्या औषधाची रिकामी पिशवी यासाठी कदापि वापरू नये. आपल्या कपाशीच्या प्रदेशात अशा पिशव्या घरोघर पडलेल्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता मुलाकडे येऊ. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाने रात्री अंथरूण ओले करणे हा रोगही नव्हे आणि खोडही नव्हे. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलांच्या बाबतीत हे घडत असते. दहाव्या वर्षी हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास येते. काहीही उपचार न करता दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे १५ टक्के आपोआप सुधारतात. याचा अर्थ असा की, पहिलीच्या वर्गातील ४० मुलांत अशी चार-पाच मुले असणारच. ती कोण हे शिक्षकाला ठाऊक नसते, कारण मुलांना ते लपविता येते. मुलग्यांत प्रमाण अधिक आहे, मुलींत कमी; पण मुली अधिक लपवितात आणि त्यांच्या आयाही.

हे का घडते याचे उत्तर शरीरात आहे. रात्री मेंदूतून एक संप्रेरक स्रवते आणि त्यामुळे मूत्रपिंडे लघवी कमी व दाट करतात. काही मुलांत ही व्यवस्था उशिरा सुरू होते. मूत्राशयाचा आकारही वयाप्रमाणे वाढत असतो. मुलाच्या वयात एक मिळवून तीसने गुणले म्हणजे त्यात साधारण किती मिलिलीटर लघवी मावेल याचा अंदाज येतो. सहा वर्षांच्या मुलाचे हे माप २१० मिलिलीटर, म्हणजे जेमतेम एक पेला. तिसरी गोष्ट झोपेची. मूत्राशय भरल्याची वर्दी झोपलेल्या मेंदूपर्यंत पोहोचून मुलाला जाग यावी लागते आणि काही मुलांना ती येत नाही. "लेकराले झोपीत समजत नाही," असे आपल्याकडील म्हाताऱ्या बाया म्हणतात. वैद्यकशास्त्र याहून फारसे निराळे काही सांगत नाही.

यात आनुवंशिकताही मोठी आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला बालपणी ही तक्रार असेल तर मुलाला ती असण्याचा संभव शंभरात चाळीस-पंचेचाळीस असतो. दोघांनाही असेल तर सत्तरच्या वर. मुलाला बडवणाऱ्या बापाच्या आईला एकदा विचारून पाहावे. ती बहुधा हसेल आणि बाप तेथून उठून जाईल!

शार्ङ्गधर संहितेतील बालरोगांच्या गणनेत 'शय्यामूत्र' हा शब्द आढळतो. म्हणजे तक्रार नवी नाही आणि तीवरील उपायही जुने आहेत. काळे तीळ व गूळ खाऊ घालतात, रात्री भात बंद करतात. तिळाच्या लाडवाने कोणाचे वाईट होत नाही, मुलाला तो आवडतोही. त्याने अंथरूण कोरडे राहील एवढी आशा मात्र धरू नये. पण काही उपाय क्रूर आहेत. लघवीच्या जागी दोरा बांधल्यामुळे गंभीर इजा झालेली मुले डॉक्टरांकडे आणली गेली आहेत. मेळघाटात पोटाच्या विकारावर तान्ह्या मुलाच्या पोटाला तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची, 'डंबा' नावाने ओळखली जाणारी प्रथा आपल्याला ठाऊक आहे आणि तिच्याविरुद्ध आरोग्य यंत्रणेला किती काळ झगडावे लागत आहे हेही ठाऊक आहे. शिक्षा केल्याने रात्रीची लघवी थांबत नाही. झोपलेल्या माणसाने जे केले त्याबद्दल जागेपणी दंड करण्यात काय हशील आहे?

यापुढे जो उपाय सांगणार आहे तो क्रूर दिसत नाही, शहाणपणाचा दिसतो. म्हणूनच त्यावर मी अधिक वेळ घेणार आहे. तो उपाय म्हणजे पाणी तोडणे. "संध्याकाळी पाचनंतर याला पाणी देऊ नका," असे घरात सांगितले जाते आणि वसतिगृहातही सांगितले जाते. अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा ठिकाणी खेळून आलेल्या मुलाचा घसा कोरडा ठेवणे हा उपाय कसा होईल?

खरी अडचण दिवसा सुरू होते. मूल सकाळी घोटभर चहा पिऊन शाळेत जाते. शाळेत पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल आणि शाळेच्या स्वच्छतागृहाला एक तर कुलूप असते किंवा आत नळ नसतो. मुलींच्या बाबतीत हे विशेषच खरे. दिवसभर तहान मारली जाते, लघवी दाबून धरली जाते, मलावरोध होतो. भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते आणि त्यात लघवी कमी मावते. मग संध्याकाळी घरी आल्यावर मूल तांब्याभर पाणी एकदम पिते, वर चहा घेते, आणि ते सारे रात्री बाहेर येते. आपण दोष देतो संध्याकाळच्या तांब्याला. दिवसभराच्या पाण्याचे पाच हिस्से केले तर दोन सकाळी, दोन दुपारी आणि एक संध्याकाळी अशी वाटणी व्हावी असे डॉक्टर सांगतात. केरळात २०१९ मध्ये शाळांतून पाण्याची घंटा सुरू करण्यात आली. ती वाजली की सर्व मुलांनी पाणी प्यायचे. अशी घंटा वाजवायला आपल्या मुख्याध्यापकांना कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही. स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी या दोन गोष्टींची तरतूद मात्र ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात व्हावी लागेल. सरपंच मंडळी समोर आहेत म्हणून सांगतो : मुलाचे अंथरूण कोरडे राहावे यासाठी पंचायतीला जे करता येण्यासारखे आहे, त्यात शाळेच्या नळाला मी पहिला क्रमांक देईन.

पाणी तोडू नका असे मी इतक्या आग्रहाने म्हणतो, याला आणखी एक कारण आहे आणि ते विदर्भाचे खास कारण आहे. १९५८ मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलच्या लक्षणाविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून विदर्भ हा या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा म्हणून ओळखला जातो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे व सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळसर दिसतात. हे आपल्याला पत्रकांतून माहीत आहे. पण मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे तेथे या पेशी लवकर विकृत होतात आणि लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती बालपणीच कमी होते, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. अशा मुलाला पातळ लघवी पुष्कळ होते, रात्रीही होते. इतर मुलांपेक्षा सिकलसेलच्या मुलांत अंथरूण ओले होण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. आणि याच मुलाच्या शरीरातील पाणी कमी झाले तर वेदनांचा झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या मुलाला सर्वांत जास्त पाण्याची गरज, त्याचेच पाणी आपण तोडायचे!

अंथरूण ओले करणारे प्रत्येक मूल सिकलसेलचे नसते. बहुसंख्य मुले निरोगीच असतात. पण आपल्या भागात, विशेषतः ज्या समाजांत व घराण्यांत हा विकार आढळतो तेथे, सहा-सात वर्षांवरील मूल रोज अंथरूण ओले करीत असेल, त्याचे हातपाय दुखत असतील, ते फिकट दिसत असेल, तर रक्ताची तपासणी अवश्य करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. रोग निश्चित झाल्यास हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते. अशा मुलाच्या उशाशी रात्री पाण्याचा तांब्या ठेवावा आणि अंथरूण ओले झाले तर होऊ द्यावे.

त्या अभियानाचे मराठी पत्रक तयार करण्याचे काम मजकडे होते. मजकूर तपासताना मी एका ओळीवर थांबलो. मला एक मुलगा आठवला.

मी पाचवीत असताना वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहत होतो. वसतिगृहाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या खोलीत मेळघाटाकडून आलेला एक मुलगा होता. अबोल होता आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तरी त्याचे अंथरूण ओले होई. त्या दिवशी प्रार्थना संपेपर्यंत त्याने गोधडी डोक्यावर घेऊन ओसरीवर उभे राहावे असा नियम अधीक्षकांनी केला होता. संध्याकाळी पाचनंतर त्याला पाणी मनाई होती. रात्रीच्या जेवणानंतर ताट धुताना तो नळाला ओंजळ लावी, तर आम्हीच पोरे ओरडून सांगत असू. त्याचे पाय दुखत. कधी कधी तो दिवसभर पांघरूण घेऊन पडून राही. आम्ही म्हणत असू की शाळा बुडविण्याचा नखरा आहे. त्याच्या डोळ्यांत पिवळी झाक होती. तिच्यावरून आम्ही त्याला एक नावही ठेवले होते.

मी स्वतः आठव्या वर्षापर्यंत अंथरूण ओले करीत होतो. हे त्या वसतिगृहात कोणाला माहीत नव्हते. कळेल या भीतीने त्याला हसणाऱ्यांत माझा आवाज सर्वांत मोठा असे. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला आणि परत आला नाही. त्याला काय झाले होते हे मला ठाऊक नाही; आता ते ठरविणेही शक्य नाही. अधीक्षकही वाईट गृहस्थ नव्हते. गणित उत्तम शिकवीत. त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

आज सांगण्याची सोय आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे आणि तसे करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. गोधडी डोक्यावर देणे यात येते, वर्गासमोर नाव घेणेही येते. परंतु कायद्याच्या आधी सोय करता येते. धारणी, चिखलदरा भागातील आश्रमशाळांत सहा-सात वर्षांची मुले घरापासून दूर राहतात. रात्री जाग आली तरी ते मूल उठेल काय? बाहेर काळोख, स्वच्छतागृह आवाराच्या टोकाला, पावसाळ्यात साप-विंचवाची भीती. जाग आलेले मूलही तसेच पडून राहते. निजण्याच्या खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रभर जळणारा दिवा, लहान मुलांची अंथरुणे दाराजवळ, निजण्यापूर्वी सर्वांनाच लघवीला नेऊन आणण्याची पद्धत, आणि पहाटे कोणी पाहण्यापूर्वी चादर बदलता येईल अशी जास्तीची चार चादरींची थप्पी. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. चादर मुलाने स्वतः नेऊन टाकली तर हरकत नाही, काम म्हणून. शिक्षा म्हणून नव्हे. ही सर्व व्यवस्था एका मुलासाठी आहे असे दिसता कामा नये, ती खोलीची पद्धत असावी.

मध्यरात्री मुलाला उचलून लघवीला नेणे अनेक आया करतात. त्याने त्या रात्रीची गोधडी वाचते, म्हणून करावे; पण झोपेतल्या झोपेत नेलेले मूल त्यातून स्वतः उठायला शिकत नाही. शिकविण्याचे एक साधन आहे, त्याची कथा मनोरंजक आहे. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातील परिचारिकांना मुलाचे अंथरूण ओले झाल्याचे कळावे म्हणून वाजणारी विजेची घंटा बसविली. घंटा परिचारिकांसाठी होती, पण काही दिवसांनी मुलेच घंटेच्या आधी उठू लागली! आज अशी लहान यंत्रे मिळतात. दोन-तीन महिने नेमाने वापरल्यास निम्म्याहून अधिक मुलांना गुण येतो. घरात कोणीतरी मुलाबरोबर रोज उठण्याची तयारी मात्र पाहिजे. औषधेही आहेत. त्यांतील डेस्मोप्रेसिन घेतल्यावर पाणी जास्त प्यायले तर रक्तातील क्षार घटून धोका होतो, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यावे, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नये.

शेवटचा मुद्दा शिक्षकांसाठी. जे मूल सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिले आणि एकाएकी पुन्हा ओले करू लागले, त्याची गोष्ट वेगळी. फार तहान लागते, वारंवार लघवी होते आणि वजन घटते आहे असे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. हा लहान मुलांतील मधुमेह असू शकतो आणि त्यात दिवस दवडणे जिवावर बेतते. लघवीला जळजळ व ताप असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रात्री गुदद्वाराला खाज असेल तर जंत. जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नये. मूल घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. ते येते तेव्हा मुलाला बाजूला घेऊन ही गोष्ट पथकातील डॉक्टरांच्या कानावर घालता येईल.

आणि शरीरात काहीच सापडले नाही तर घराकडे पाहावे. आपल्या विभागात शेतकरी वडिलांनी आत्महत्या केलेली घरे आहेत. त्या घरांतील मुले आपल्याच वर्गात बसतात. कर्जाची बोलणी रात्री मुलांच्या उशाशी होतात. क्वचित एखादे मूल कोणाच्या तरी अत्याचाराला बळी पडत असते आणि ओले अंथरूण हे त्याचे एकमेव बोलणे असते. अशी शंका आली तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

माझा वेळ संपत आला. पाण्याची घंटा, शाळेचा नळ आणि आश्रमशाळेतील रात्रीचा दिवा यांविषयी आपापल्या गावची अडचण ज्यांना मांडायची असेल त्यांनी ती आता मांडावी. औषधांचे व सिकलसेल तपासणीचे प्रश्न डॉक्टरसाहेब घेतील. मघाशी चहाच्या वेळी ज्यांनी मला प्रश्न विचारला त्या सरपंचांनी हात वर केला आहे. पहिला प्रश्न त्यांचा.